चार माणसं, आठ हजार आणि रोजची कणीक: फूड प्रोसेसर कुठला घ्यावा

ताई, तुमचा प्रश्न असा की भांडुपला घरात चार माणसं, तुम्ही दोघंही नोकरीला, सकाळी डब्याला पोळीभाजी लागतेच, घरात जुना ५०० वॅटचा मिक्सर आहे तो अजून चालतोय, बजेट आठ हजारांच्या आसपास, आणि कणीक मळणं आणि भाजी चिरणं एवढं जरी हातून सुटलं तरी पुष्कळ, तर फूड प्रोसेसर घ्यावा का आणि कुठला. मी लालबागला मिक्सर-प्रोसेसर दुरुस्त करतो, बरीच वर्षं झाली, आणि बायको घरून पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे मशीन आतून कसं असतं ते मला ठाऊक आहे आणि ओट्यावर ते कसं चालतं ते ती सांगते. जरा लांबण लागेल, पण सगळं नीट सांगतो, कारण दुकानात उभं राहिल्यावर यातलं कुणीच सांगत नाही.

आधी सरळ उत्तर देतो. घ्या. पण तो मोठा, बाराचौदा अटॅचमेंटवाला फुल साइज प्रोसेसर नको, ७५० वॅटचा मिक्सर ग्राइंडर घ्या ज्याच्याबरोबर प्रोसेसरचा एक मोठा बाऊल येतो आणि त्यात कणीक मळायचं पातं आणि चिरायच्या-किसायच्या चकत्या असतात. आणि तो ठरवताना वॅट आणि अटॅचमेंट मोजत बसू नका, त्या बाऊलचे पार्ट तुमच्या भागात मिळतात का आणि केवढ्याला मिळतात हे आधी बघा. माझ्याकडे जे प्रोसेसर कायमचे बंद होऊन येतात त्यातल्या बहुतेकांची मोटर ठणठणीत असते, गेलेलं असतं ते झाकण नाहीतर बाऊलचा दांडा.

आता हे असं का, ते बघा. आपल्याकडे फूड प्रोसेसर म्हणून तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक म्हणजे तो हजार वॅटवाला मोठा, उषा, बजाज, इनाल्सा वगैरेंचे असतात तसा, त्यात मोठा बाऊल, मिक्सरची भांडी, ज्यूसर, मोसंबी पिळायचं, सगळं. दुसरा म्हणजे मी वर म्हटलं तो मिक्सर अधिक बाऊल, प्रीतीचा झोडियाक किंवा फिलिप्सचे त्या प्रकारातले. आणि तिसरा म्हणजे छोटा चॉपर, तो दोरी ओढायचा दोनचारशेत मिळणारा नाहीतर विजेवरचा हजार-दीड हजारातला, ज्यात कणीक होत नाही पण कांदा मिनिटात होतो. याशिवाय परदेशी पद्धतीचा असतो ज्यात नुसता बाऊल येतो, वाटणाचं भांडंच नसतं, तो आपल्या घरात अर्धवट पडतो, कारण प्रोसेसरच्या बाऊलमध्ये वाटण होत नाही. ओलं खोबरं, भाजलेला कांदा, आलं-लसूण घाला, पाच मिनिटं फिरवा, भरड ती भरडच राहते. पातं मोठ्या भांड्यात हळू फिरतं आणि त्याच्या नि भिंतीच्या मध्ये जागा सुटते, तिथे वाटण जाऊन बसतं. वाटणाला लहान भांडं आणि जोरात फिरणारं पातंच हवं. आपलं स्वयंपाकघर वाटणावर चालतं, म्हणून आपल्याकडे मिक्सर आधी आणि प्रोसेसर त्याला जोडून अशीच मशीनं टिकली. १९६०च्या दशकात सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरने सुमीत मिक्सर काढला तोही याचसाठी, घरातला परदेशी मिक्सर आपल्या वाटण्या-दळण्याला टिकला नाही म्हणून. पुढची कित्येक वर्षं मराठी घरात सुमीत असायचाच, आणि त्यातले काही अजूनही माझ्याकडे कार्बन, म्हणजे मोटरला वीज पोचवणारे झिजणारे तुकडे, बदलायला येतात.

वॅटचं सांगतो कारण सगळे त्यावरच अडतात. खोक्यावर लिहिलेले वॅट म्हणजे मशीन किती वीज घेतं तो आकडा आहे, पात्यापर्यंत किती जोर पोचतो तो नव्हे. मिक्सरची मोटर ही युनिव्हर्सल मोटर, रिकामी सोडली तर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे मारते. कणकेला एवढा वेग चालतच नाही, कणकेला पाहिजे हळू आणि जोरकस. आता हळू करायचे दोन मार्ग. एक म्हणजे स्पीडचं बटण एकवर ठेवायचं, म्हणजे मोटरच हळू फिरवायची, आणि इथेच मशीनं जळतात, कारण मोटरला गार करणारा पंखा मोटरच्याच दांड्यावर बसवलेला असतो, मोटर हळू म्हणजे पंखाही हळू, आणि वरून कणकेचा लोड म्हणजे करंट जास्त, मग वायंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तापणार नाहीतर काय होणार. दुसरा मार्ग म्हणजे मोटर जोरात फिरू द्यायची आणि मध्ये गिअर किंवा पट्टा घालून पात्याचा वेग कमी करायचा. तेव्हा कणीक मळण्यासाठी घेताय तर गिअर आहे की नाही हे बघणं वॅटपेक्षा महत्त्वाचं. दुकानात बघायची सोपी युक्ती सांगतो, बाऊल उलटा धरा, खालचा कपलर, म्हणजे मोटरला जोडणारा भाग, बोटाने फिरवा आणि वरचा दांडा बघा. खाली बरेच फेरे झाल्यावर वर एक फेरा होत असेल तर आत गिअर आहे. दोन्ही बरोबरीने फिरत असतील तर नाही, मग तो बाऊल चिरायला ठीक, रोज कणीक मळायला माझ्या मते घेऊ नये. बाऊल खाली मोटरवर कपलरने बसत असेल तरच ही युक्ती चालते, काही मोठ्या मॉडेलमध्ये गिअर किंवा पट्टा खालच्या बॉडीत असतो, तिथे दुकानदाराला विचारावं लागेल किंवा चालवून बघावं लागेल.

विजेच्या बिलाची काळजी सोडून द्या. हजार वॅटचं मशीन तीन मिनिटं चाललं तर ०.०५ युनिट होतं, म्हणजे वीस दिवस रोज कणीक मळलीत तर एक युनिट. आणि हजार वॅटला २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आत करंट लागतो, तेव्हा ओट्यावरच्या साध्या सहा अँपिअरच्या सॉकेटला चालतं, फक्त सॉकेट ढिला झालेला नको आणि त्याच एक्स्टेंशनवर इंडक्शन शेगडी नको.

मशीनच्या खाली एक चिकटपट्टी असते, त्यावर व्होल्ट, वॅट आणि बऱ्याचदा ३० मिनिटं रेटिंग असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ सलग तीस मिनिटं चालवा असा नाही. बऱ्याच मॅन्युअलमध्ये सरळ दिलेलं असतं, पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, असं करत तीस मिनिटं, आणि मग थंड होऊ द्यायचं. चार माणसांच्या घरात एवढं चालतच नाही त्यामुळे तुम्हाला पुरेसं आहे. आयएसआयची खूण आहे का तेही तिथेच बघा, मिक्सरसाठी आयएस ४२५० हे स्टँडर्ड आहे. आणि तळाला लाल बटण असतं ते ओव्हरलोडचं, मशीन मध्येच बंद पडलं तर प्लग काढा, भांड्यातलं थोडं कमी करा, दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग ते दाबा. ते बटण पुन्हा पुन्हा दाबून तेवढाच लोड रेटत राहतात आणि मग मोटरची फील्ड कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, जळाल्यावर माझ्याकडे घेऊन येतात, तोपर्यंत खर्च बराच वाढलेला असतो.

आता कणीक. तुमच्या घराचा हिशेब करू. चार माणसांच्या सकाळच्या पोळ्या सोळा धरा, एका पोळीला पंचवीस-तीस ग्रॅम पीठ जातं, म्हणजे ४०० ते ४८० ग्रॅम. मॅन्युअलमध्ये बाऊल किती लिटरचा ते बघू नका, एका वेळी किती पीठ मळता येतं ते बघा, तो आकडा वेगळा दिलेला असतो, आणि पाचशे ग्रॅमपर्यंत असेल तर तुमचं एका घाण्यात होतं. तीनशेच असेल तर रोज दोनदा करावं लागेल आणि मग आठवड्याभरात तुम्ही परत हाताने मळायला लागाल, हे मी खात्रीने सांगतो, कारण असे कितीतरी बाऊल माळ्यावरून धूळ खाऊन माझ्याकडे विकायला येतात.

मळायची पद्धत बायकोची आहे, तशी लिहितो. पीठ, मीठ, चमचाभर तेल आधी घालायचं, झाकण लावायचं, कमी स्पीडवर सुरू करायचं आणि वरच्या नळीतून पाणी बारीक धारेने सोडायचं. १०० ग्रॅम पिठाला साधारण ६० ते ७० मिली, पण गिरणीचं ताजं पीठ आणि पाकिटातलं पीठ सारखं पाणी पीत नाही, तेव्हा पहिल्यांदा थोडं हात राखून. सगळं एकत्र येऊन गोळा पात्याबरोबर गरगर फिरायला लागला की बंद. दीड ते दोन मिनिटं लागतात. त्याच्यापुढे चालवलं तर कणीक गरम होते आणि चिवट होते, आणि मशीनवरही जोर येतो. मग तेलाचा हात लावून परातीत अर्धा मिनिट मळून वीस मिनिटं झाकून ठेवायची, तेवढ्यात भाजी फोडणीला टाका. पोळीत फरक येतो का म्हणाल तर नाही येत, तिच्या ऑर्डरीवाल्यांनी कधी ओळखलं नाही. पुरणपोळीची सैल कणीक मात्र ती हातानेच तिंबते, ती बाऊलला आणि पात्याला चिकटून बसते आणि काढण्यात जास्त वेळ जातो. मोदकाची उकड होते पण अगदी कढत घालू नका, प्लॅस्टिकला सहन होत नाही.

चिरण्या-किसण्याचं. कांदा पोह्याला, उसळीला, भाजीला बारीक पाहिजे तर चार फोडी करून बाऊल अर्ध्यापेक्षा कमी भरून तो इंचर म्हणजे उलट्या बाजूचा झटका चारपाच वेळा द्यायचा. सलग फिरवलात तर खालचा कांदा लगदा होतो, पाणी सुटतं आणि परतताना नुसता वाफलतो, ब्राऊन होत नाही. शेंगदाण्याचं कूट पण असंच, झटक्याझटक्याने, नाहीतर तेल सुटून गोळा. कोबीची पचडी, फ्लॉवर-गाजराची भाजी, बटाट्याचा कीस, गाजरहलव्याचं गाजर, इथे चकत्या खरंच उपयोगी येतात. गाजर उभं घातलं तर कीस आखूड पडतो, नळीत आडवं घातलं तर लांब पडतो, आणि म्हणून नळीचं तोंड जितकं रुंद तितकं चांगलं, कारण तोंड बारीक असेल तर आधी सुरीने भाजी चिरून मग मशीनमध्ये चिरायला घालायची असा प्रकार होतो. कोथिंबीर पूर्ण कोरडी असेल तरच घाला. टोमॅटो नका घालू. काकडीची कोशिंबीर करताना काकडी चोचवूनच घ्या, मशीनमधून तिचं पाणी होतं. नारळ खवायचं अटॅचमेंट काही मशीनबरोबर येतं, माझं मत विळीच्या किंवा हाताने फिरवायच्या खवणीच्या बाजूने आहे, करवंटी हाताने फिरत्या दातांवर दाबून धरायची हे सकाळच्या घाईत मला पटत नाही. वाटणालाच पाहिजे असेल तर खोबऱ्याचे तुकडे काढून सरळ मिक्सरच्या भांड्यात घाला.

ज्यूसर, मोसंबीचं, व्हिस्कर, फ्रेंच फ्राइजची चकती, यासाठी पैसे देऊ नका. ज्यूस सेंटरवर सुजाता कंपनीचं मशीन दिसतं तशी मशीनं ज्यूसला आणि वाटणाला दमदार असतात, रोज ज्यूस काढणारं घर असेल तर तो वेगळा विषय, पण तुम्ही विचारलंय कणीक आणि भाजीचं.

आता ज्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते, बाऊल आणि झाकण. प्रोसेसरमध्ये सेफ्टी लॉक असतो, झाकण बरोबर बसल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. झाकणाला एक छोटा प्लॅस्टिकचा दात असतो, तो बाऊलच्या दांड्यातल्या, म्हणजे धरायच्या मुठीतल्या, पट्टीला दाबतो आणि ती पट्टी खालच्या स्विचला. तो दात तुटला की लाख मोलाची मोटर असो, मशीन बंद. आणि तो तुटतो, कारण रोज झाकण फिरवून लावायचं-काढायचं, घाईत तिरकं बसवलं जातं, भांडी घासायला बाई येतात त्यांना कुणी दाखवलेलं नसतं आणि बाऊल सिंकमध्ये कुकरखाली जातो. वॉरंटी बहुतेक ठिकाणी मशीनला दोन वर्षं आणि मोटरला पाच वर्षं अशी सांगतात, पण तुटफूट, झाकण, बाऊल, पाती, कपलर हे सहसा त्यात येत नाही, तुमच्या वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते दुकानातच वाचा. म्हणून घेण्याआधी त्या मॉडेलचं झाकण सुटं मिळतं का, बाऊल केवढ्याला, हे विचारा. बाऊलची किंमत मशीनच्या चौथाईपर्यंत असेल तर ठीक, निम्म्याला जात असेल तर ते मशीन स्वस्त नाही, तुम्ही ते दोनदा विकत घेणार आहात. आणि दात तुटल्यावर तिथे काडी खुपसून किंवा स्विच डायरेक्ट करून चालवायचं असं काही जण करतात, मला करून द्या म्हणून येतात पण, मी करून देत नाही आणि तुम्हीही कुणाकडून करून घेऊ नका, खाली धारदार पातं आहे आणि घरात मुलं आहेत.

मोठ्या फुल साइजला मी नको म्हणतोय त्याचं कारण पैसे तर आहेतच, त्यातले चांगले आठ हजाराच्या वर जातात, पण खरं कारण ओटा. आपल्या मुंबईतल्या ओट्यावर शेगडी, वॉटर फिल्टर, भांड्यांचं स्टँड ठेवून राहते हातभर जागा. जे मशीन ओट्यावर कायम राहतं तेच वापरलं जातं. कपाटातून पाच-सहा किलोचं धूड काढायचं, जोडायचं, धुवायचं, परत ठेवायचं, हे सकाळी सहाला कुणी करत नाही. तुमचा जुना मिक्सर चालू आहे हे खरं, पण दोन मशीनं ठेवायला जागा नाही असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा तो गावी पाठवा किंवा बहिणीला द्या आणि त्याच जागी हा ठेवा, वाटण आणि कणीक एकाच मोटरवर. जुना मिक्सर सोडवत नसेल तर मग प्रोसेसर घेऊच नका, हजार-बाराशेचा विजेवरचा चॉपर घ्या आणि कणीक हाताने मळा, अर्धवट पाचशे वॅटच्या मिक्सरवर बसणारा बाहेरचा बाऊल घेऊन त्याच्यात कणीक मळायच्या फंदात मात्र पडू नका.

अमेरिकेतल्या नणंदेने प्रोसेसर आणून देते म्हटलंय असंही तुम्ही विचारलंत. नको म्हणा. तिकडचं मशीन १२० व्होल्टवर चालतं, इथे सरळ लावलं तर जळेल, चालवायचं तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर पाहिजे, तो मशीनच्या वॅटच्या दुप्पट ताकदीचा घ्यावा लागतो, जड असतो आणि ओट्यावर अजून एक डबा वाढतो. शिवाय त्यातल्या काहींत इंडक्शन मोटर असते, ती तिकडच्या ६० हर्ट्झसाठी केलेली, आपल्या ५० हर्ट्झवर हळू फिरते आणि जास्त तापते, ट्रान्सफॉर्मर ते बदलत नाही. आणि झाकण तुटलं तर परत नणंद येईपर्यंत थांबा.

आवाज सगळ्यांचाच होतो. शेजाऱ्यांसाठी म्हणून मशीनखाली टॉवेल घडी करून ठेवतात ते ठेवू नका, हवा आत घ्यायच्या जाळ्या तळाला असतात, त्या बंद होतात आणि मोटर तापते. रबरी पाय नीट आहेत ना तेवढं बघा. पावसाळ्यात दमट हवेने पात्याचा बुश, म्हणजे पात्याची दांडी ज्यात फिरते ती नळी, गंजतो, भांडं धुतल्यावर उपडं ठेवून खालची बाजू सुकू द्या, वाटणात काळपट पाणी दिसायला लागलं की बुश-वॉशर गेला समजा, त्या दिवसापासून ते भांडं वापरू नका आणि बदलून घ्या, ते स्वस्तातलं काम आहे. आणि झुरळं. मोटरच्या उबेला आत जाऊन बसतात, वायंडिंगवर घाण करतात, शॉर्ट होतं. मशीन थंड झाल्यावर कापडी कव्हर घाला आणि महिनोन्महिने बंद ठेवू नका.

घ्यायचं कुठे. वेळ असेल तर शनिवारी लोहार चाळीत जा, सीएसएमटीला उतरून क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने चालत, रविवारी तिथे बहुतेक बंद असतं. मशीन तिथूनच घेतलं पाहिजे असं नाही, पण तिथे सुट्या भांड्यांची आणि पार्टची दुकानं आहेत, तुमच्या मनातल्या मॉडेलचं नाव सांगून झाकण, बाऊल, कपलर आहे का विचारा, तीन दुकानांत लगेच हो म्हणाले तर ते मॉडेल चालणारं आहे. किंमत ऑनलाइन बघून ठेवा, दुकानदार बऱ्याचदा जवळपास येतो. दसरा-दिवाळीला भाव उतरतात, थांबता आलं तर थांबा. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, आणि सर्व्हिस सेंटर भांडुप-मुलुंड-ठाणे पट्ट्यात कुठे आहे ते घ्यायच्या आधी फोन करून खात्री करा, अंधेरीला नेऊन द्यावं लागत असेल तर तुम्ही नेणार नाही.

घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात पूर्ण पाचशे ग्रॅम कणीक मळून बघा, खोबऱ्याचं वाटण करा, चकत्या सगळ्या वापरा. पहिल्या एकदोन वेळी नवीन वायंडिंगचा थोडा वास येतो तो येऊ दे, पण धूर, खरखर किंवा बाऊलखालून पाणी गळत असेल तर लगेच बदलून मागा, महिन्याने गेलात तर बदलून मिळत नाही, दुरुस्त करून देतात.

दोन मॉडेल नक्की करा, त्यांच्या बाऊलचा आणि झाकणाचा भाव विचारून या आणि मला सांगा, मग त्यातलं कुठलं ते ठरवू.